चुंबकीय चित्रफितींचे संगणकीय प्रतिलेखन

ऐतिहासिक साधन टिकणे आणि ते वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी होत. मोडी कागद वाचण्यास जाणती नजर पुरते. कॅमकॉर्डरच्या फितीस मात्र यंत्रही लागते, आणि अनेकदा फितीच्या आधी यंत्रच नाहीसे होते.

चित्रमुद्रणाचे पहिले व्यवहार्य यंत्र अँपेक्स कंपनीने १९५६ साली पुढे आणले. पण ते प्रक्षेपण-केंद्रांपुरतेच राहिले. बीटामॅक्स (१९७५) व व्हीएचएस (१९७६) यांनी ही विद्या घरात आणली, तर १९८३ पासून मिळू लागलेल्या कॅमकॉर्डरने चित्रणाचे साधन सामान्य कुटुंबाच्या हाती दिले. पुढे १९९५ मध्ये डीव्ही ही अंकीय पद्धती आली आणि जुन्या फिती मागे पडत गेल्या. व्हीएचएस यंत्रे बनविणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ साली ते उत्पादन थांबविले.

फितीवरील चुंबकीय कण ज्या बंधक द्रव्याने धरलेले असतात, ते ओलाव्याने क्षीण होते. दमट हवेत बुरशीही चढते. म्हणून फीत संगणकात उतरविणे अगत्याचे ठरते. परंतु हे काम केवळ यांत्रिक नव्हे. भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीत चित्राच्या ६२५ ओळी असतात व त्या एकाआड एक अशा दोन हप्त्यांत नोंदल्या जातात. त्यामुळे सेकंदाला २५ चित्रांत वस्तुतः ५० क्षण साठविलेले असतात. चित्र ‘स्वच्छ’ करण्याच्या हेतूने प्रत्येक चित्रातील एक हप्ता गाळला, तर निम्मे क्षण नष्ट होतात आणि पाहणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही. मोडी पत्राचे बाळबोधीकरण करताना मूळ शब्द परस्पर सुधारण्यासारखाच हा दोष होय.

यास्तव मूळ संकेत प्रथम जसाच्या तसा, एफएफव्ही१ सारख्या हानिरहित पद्धतीने साठवावा. दुरुस्ती करावयाची ती दुसऱ्या प्रतीवर. कोणते यंत्र वापरले, फीत कोठे तुटली होती, केव्हा उतरविली, याची टीप प्रतीसोबत असावी, आणि मूळ फीत टाकून देऊ नये.

एक काम मात्र कोणत्याही यंत्राने होणारे नाही. चित्रणातील माणसे व प्रसंग ओळखणारी पिढी आज वृद्ध झाली आहे. तिची साक्ष वेळीच नोंदली नाही, तर फीत वाचेल, चेहरे स्पष्ट दिसतील. पण ते कोणाचे, हे सांगणारे कोणी उरणार नाही.