फरशीचा काठ

फरशी सहसा मधून सुटत नाही. नांदेडमधल्या कुठल्याही जुन्या पोर्चमध्ये जाऊन बघा. मधले गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक, जागच्या जागी असतात. फाटकाजवळची, भिंतीलगतची, नालीच्या बाजूची ओळ मात्र सुटलेली असते. तंत्रनिकेतनात बांधकाम शिकवत होते तेव्हा मी मुलांना वर्गाबाहेर नेऊन आधी हे दाखवायची. पुस्तकात जमिनीचं प्रकरण साहित्यापासून सुरू होतं: दगड, सिमेंट, टाइल. नांदेड-लातूरकडच्या जमिनींचा इतिहास सांगायचा तर तो काठापासूनच सांगावा लागतो, कारण आपल्या पायाखाली काळी माती आहे.

ही माती उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात तीच फुगते आणि वरचं सगळं उचलून धरते. घराच्या मध्यावर, छपराखाली, मातीतला ओलावा फारसा बदलत नाही, म्हणून तिथली जमीन शांत राहते. काठाखालची माती मात्र एका अंगानं भिजते आणि दुसऱ्या अंगानं कोरडी राहते. सगळी ओढाताण तिथं. ज्यांनी ज्यांनी इथं जमिनी केल्या, त्यांना या ओढाताणीवर काहीतरी उत्तर शोधावं लागलं.

माझं बालपण औसा तालुक्यातल्या माळवदाच्या घरात गेलं. जोत्याला घडीव काळा दगड, दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडाच्या फळ्यांवर पांढरीच्या मातीचा थर. खालची जमीन करताना काळी माती उकरून बाहेर टाकत, तिथं मुरूम भरत, पाणी मारून धुम्मसानं चोपत. त्यावर पांढरी माती, भुसा आणि शेणाचा गिलावा. एवढं काम पुरुषांचं. पुढचं सगळं आजीचं, आणि ते कधीच संपत नसे.

आजी सारवायला आतल्या भिंतीपासून सुरुवात करी आणि मागं सरकत दाराशी येई, कारण ओल्या जमिनीवर पाय द्यायचा नसतो. भिंतीपाशी तिचा हात वेगळा चाले. शेणाचा काला जमिनीवर संपवायचा नाही, भिंतीवर चार बोटं चढवायचा आणि कोपरा तळहातानं गोल करून घ्यायचा. त्या गोलाईत केर साठत नाही, पाणी मुरत नाही, उंदराला उकरायला धार सापडत नाही. आज दवाखान्यांच्या शस्त्रक्रियेच्या खोलीत भिंत आणि फरशीचा कोपरा याच कारणासाठी गोल करतात. गोलाई वाळली की वर काव किंवा चुन्याची पट्टी ओढली जाई. लोकांना पट्टी दिसायची आणि ती शोभेची वाटायची. खरं काम खालच्या गोलाईचं होतं. भेग पडली की आधी तिथं पडे आणि आजी ती दुसऱ्याच दिवशी बुजवी. शेणामातीची जमीन कच्ची म्हणतात, पण दर आठ-पंधरा दिवसांनी जिचा काठ नव्यानं होतो ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या चालते. हे काम बायकांचं म्हणून ते बांधकामाच्या कुठल्याच हिशेबात आलं नाही. बांधकाम शिकवायला लागल्यावर मला ते फार खटकलं, आणि अजून खटकतं.

मग शहाबादी आली. शहाबाद हे तेव्हाच्या गुलबर्गा, आताच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं गाव. भीमेच्या खोऱ्यात, शहाबाद, वाडी, सेडम, चित्तापूर या पट्ट्यात हा चुनखडीचा दगड जमिनीत थरांनी झोपलेला आहे. करवत न लावता, छिन्नीनं थर सुटा केला की फरशी तयार. मुंबई-मद्रास रेल्वे 1871 साली रायचूरपर्यंत पोचली ती याच पट्ट्यातून. 1874 मध्ये वाडी-सिकंदराबाद फाटा सुरू झाला. विसाव्या शतकाच्या तोंडावर सिकंदराबाद ते मनमाड हा मीटरगेज मार्ग झाला आणि नांदेड त्यावर आलं. लातूरला 1911 मध्ये बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी पोचली. कुर्डुवाडीला मोठ्या रुळावरचा माल उतरवून तिच्यात चढवायचा. दगडासारखा जड माल दूर न्यायला बैलगाडी परवडत नाही. रूळ आले आणि शहाबादीला वाट मिळाली. त्या काळात गुलबर्गा, नांदेड, उस्मानाबाद हे सगळे जिल्हे निजामाच्या एकाच राज्यात होते. 1956 मध्ये राज्यं नव्यानं रचली गेली, गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेलं, नांदेड-लातूर मुंबई राज्यात आलं. दगडाला त्यानं काही फरक पडला नाही. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी असं सगळं एका वाक्यात बोलणारे फरशीचे मिस्त्री माझ्या लहानपणीही सीमा ओलांडून कामाला येत.

या मिस्त्र्यांची कडा घडवण्याची रीत शिकण्यासारखी होती. हाती घडवलेल्या फरशीची बाजू सरळ खाली उतरत नसे. वरची धार गुण्यात सरळ, आणि खालचा भाग आतल्या बाजूला कललेला. त्यामुळे दोन फरश्या वर अगदी जवळ येत आणि खाली माल भरायला जागा राही. वरून दर्ज बारीक दिसे, खाली पकड रुंद असे. जाडी प्रत्येक फरशीची निराळी, म्हणून खालचा थर कमी-जास्त करून, दोरी आणि पाणसळ लावून माथा एका पातळीत आणायचा. आधी हा थर बैलाच्या घाण्यात मळलेल्या चुन्याचा असे. निजामाच्याच काळात शहाबादला सिमेंटचा कारखाना उभा राहिला, आणि ज्या चुनखडीची फरशी निघते तिच्यापासूनच ती बसवायचं सिमेंटही होऊ लागलं.

आजी आतून बाहेर येई. फरशीवाला उलट, दारातून आत जाई. उंबऱ्याला लागून पहिली ओळ अख्ख्या फरश्यांची, आणि कापलेले तुकडे शेवटी मागच्या भिंतीला, कोठी नाहीतर पलंगाखाली. दारात पायांचा आणि ओझ्याचा मार जास्त, तिथं तुकडा टिकत नाही, हे त्यामागचं कारण. भिंतीपाशी फरशीचीच चार-सहा बोटांची उभी पट्टी लावत. पाणी मारून धुतलं तरी भिंत ओली होत नसे. ओट्याच्या काठाला मात्र फरशी थोडी बाहेर काढून तिची धार गोल घासत, म्हणजे पाणी भिंतीवर न ओघळता बाहेर पडे. औसा, उदगीर, कंधारकडच्या जुन्या वाड्यांच्या ढाळजेत आजही असे काठ सापडतात. मधली फरशी झिजून खोलगट झालेली असते आणि काठ मात्र शाबूत असतो.

सिमेंटच्या रंगीत टाइल आणि मोझॅक आपल्याकडे मुंबईमार्गे आले. मुंबईची भारत टाइल्स 1922 ची. नांदेड-लातूरला ते मोजक्या घरांत दिसले. बाकीच्यांनी शहाबादी किंवा साधा कोबा केला. या नक्षीच्या टाइलांची काठाची पट्टी वेगळी येई आणि ती खोलीच्या मापात बसवताना मिस्त्र्याची कसोटी लागे. नंतर गुजरातमधल्या मोरबीच्या गुळगुळीत टाइल आल्या आणि काठाचं काम कटिंग मशीनवर गेलं.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. दगड-मातीच्या दोन पदरी भिंती, पदर बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर माळवदाचं वजन. त्या भिंती माझ्या बालपणाच्या घरासारख्याच होत्या, म्हणून त्या काळाबद्दल मी आजही सहज बोलू शकत नाही. नंतर विद्यार्थ्यांना घेऊन मी पुनर्वसनाच्या कामांवर जात असे. 250, 450 आणि 750 चौरस फुटांची घरं, जमिनीच्या मालकीप्रमाणे. भिंतींत काँक्रीटचे पट्टे, वर हलकं किंवा नीट बांधलेलं छत. जीव वाचवणं हे पहिलं काम होतं आणि ते नीट झालं. पण घराभोवतीचा काठ, म्हणजे जोत्याबाहेरची दोन-तीन फुटांची पट्टी, अनेक ठिकाणी लोकांनाच करावी लागली. एका घरापुढे मी पाहिलं, की जुन्या गावातल्या पडक्या घराच्या जोत्याचे घडीव दगड आणून घरच्यांनी नव्या अंगणाच्या कडेला ओळीनं पुरले होते. आत मुरूम चोपून अंगण केलं होतं. घरधनीण म्हणाली, "बाई, दगडानं मारलं खरं, पण अंगणाची माती धरायला दुसरं काय लावू?" त्या अंगणाचा काठ पुढच्या पावसाळ्यातही हलला नव्हता. शेजारी नुसत्या कोब्याची पट्टी केलेल्या घराला भेग गेली होती.

आता गट्टूंकडे येते. ते मूळचे युरोपातले. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये रस्त्याला लागणाऱ्या विटांचा तुटवडा पडला, म्हणून त्या मापाचे काँक्रीटचे ठोकळे करू लागले. एकमेकांत अडकणारे आकार पुढे जर्मनीत घडले. आपल्याकडे त्यांचं भारतीय मानक, आयएस 15658, 2006 साली आलं. त्यात हलक्या वाहतुकीसाठी 60 मिलिमीटर जाडी सांगितली होती. नुसतं चालण्यासाठी 50. 2008 मध्ये शिखांच्या गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या त्रिशताब्दीसाठी नांदेडचे रस्ते आणि पदपथ नव्यानं झाले. त्याच सुमारास शहराला गट्टूंची सवय लागली आणि पदपथावरून ते घरांच्या पोर्चमध्ये शिरले. काम स्वस्तात आणि एका दिवसात होतं म्हणून लोकांना ते आवडले.

गट्टू चिकटवलेले नसतात, हे मात्र फार थोड्यांना सांगितलं जातं. खाली चोपलेला मुरूम-खडीचा थर, त्यावर इंचभर कच, त्यावर गट्टू, दोन गट्टूंमध्ये दोन ते चार मिलिमीटरची फट आणि त्या फटीत बारीक वाळू. त्या वाळूच्या घर्षणावर शेजारचा गट्टू शेजाऱ्याला धरून ठेवतो. चारचाकी वर आली की सगळे मिळून बाहेरच्या दिशेनं ढकलतात. बाहेर अडवणारं काही नसेल तर कडेची ओळ केसभर सरकते, फट रुंद होते, वाळू धुपते, पावसाचं पाणी खालच्या कचेत जातं आणि त्याखालची काळी माती फुगते. मग एका पावसाळ्यात काम संपतं. म्हणून रस्त्याच्या कामात कर्ब स्टोन आधी लावतात, काँक्रीटमध्ये पक्के करतात, आणि नंतर त्यांच्या आत गट्टू भरतात. घरच्या कामात उलट होतं. गट्टू आधी पसरतात, शेवटी उरलेल्या माल-वाळूची पट्टी काठाला थापतात. तिच्याखाली पाया नाही, म्हणून पहिल्याच वर्षी ती सुटते.

अलीकडे माझ्या भाच्यानं घराच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या अडकवायच्या टाइल घातल्या. फूटभर लांब-रुंद, दोन बाजूंना कड्या आणि दोन बाजूंना खुंट्या. जुन्या शहाबादीवर तशाच मांडायच्या, सिमेंट नाही, पाणी नाही. मी बघायला गेले तेव्हा मिस्त्री, पन्नाशीचे गृहस्थ, फाटकापाशी बसून नुसतं मोजत होते. मी विचारलं, "मामा, आत भिंतीपासून का नाही धरत?" ते म्हणाले, "ताई, अख्खी टाइल फाटकाला पाहिजे. गाडी तिथंच चढती. तुकडं मागं जाऊ द्या." वडिलांबरोबर शहाबादी बसवताना शिकलेलं ते इथं वापरत होते. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो सांगून कळायचा नाही.

या टाइलांच्या काठात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. फाटकाकडे उताराची पट्टी लागते, नाहीतर टायर टाइलची धार उचलून काढतो. त्या पट्ट्या दोन प्रकारच्या असतात, एक कडीच्या बाजूची आणि एक खुंटीची. म्हणून पहिली टाइल ठेवण्याआधीच तोंड कुठल्या दिशेला ते ठरवावं लागतं, नंतर पट्टी बसत नाही. तिसरी गोष्ट भिंतीजवळची, आणि तिथंच बहुतेक कामं बिघडतात. प्लास्टिक उन्हात वाढतं. पंधरा फुटांची ओळ, तीस अंशांचा फरक, की साधारण अर्धा इंच. नांदेडच्या मे महिन्यात उन्हात पडलेल्या गडद टाइलला हा फरक सहज मिळतो. टाइल भिंतीला घट्ट भिडवली तर तिला जायला जागा उरत नाही आणि मधोमध फुगा येतो. म्हणून भिंतीपाशी अर्धा इंच मोकळा सोडायचा आणि तो झाकायला पट्टी लावायची. ती पट्टी भिंतीला ठोकायची, टाइलला नाही, म्हणजे टाइल तिच्याखाली मोकळी सरकेल. मामांनी हे सगळं बोलता बोलता केलं. ग्राइंडरनं कापलेली धार घासली, तेवढी मात्र दोनदा तपासली, कारण लहान मूल अनवाणी धावतं.

गट्टू आणि टाइलचा भाव चौरस फुटावर ठरतो, आणि काठ चौरस फुटात मावत नाही, म्हणून तो कुणाच्याच हिशेबात नसतो. सरकारी अंदाजपत्रकात कर्ब धावत्या मीटरवर वेगळा मोजतात; घरच्या कामातही तसंच व्हायला हवं. पोर्च करायला काढाल तेव्हा मिस्त्र्याकडून काठाचं काम वेगळ्या ओळीत, धावत्या फुटाच्या भावानं लिहून घ्या. काळी माती किती खोल काढणार, मुरूम किती भरणार, कडेच्या दगडाखाली काँक्रीट किती, हे त्याच ओळीत असू द्या. आणि काठ बांधून, किमान सात दिवस पाणी देऊन पक्का झाल्याशिवाय पहिला गट्टू खाली ठेवू देऊ नका.