शिफारस कुणाची, पैसे कुणाचे?



"तू वापरलंयस ना, कसं आहे गं?" हा प्रश्न आपण दर आठवड्याला कुणाला ना कुणाला विचारतो. कुकर घ्यायचा असला की जावेला, मसाल्याचं नवं पाकीट दिसलं की शेजारणीला. आता त्यात मोबाइलची भर पडली आहे. कुणी अनोळखी बाई व्हिडिओत क्रीम लावून दाखवते, मिक्सर फिरवून दाखवते, आणि ती आपल्यासारखीच दिसते-बोलते म्हणून आपल्याला तिचं पटतं. या विश्वासाला बाजारात किंमत येते, हे व्यापाऱ्यांच्या फार पूर्वीच लक्षात आलं होतं. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे. ती सुरू होते अमेरिकेत, एका काढ्यापासून. तिथल्या बायकांच्या मासिकांतून फिरत ती आपल्या मुंबईपर्यंत येते.

१८७३ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लिन या गावी पिंकहॅम नावाचं कुटुंब राहत होतं. नवऱ्याचा धंदा बुडाला. बायको लिडिया घरी झाडपाल्याचा काढा करायची आणि पाळीची दुखणी असणाऱ्या शेजारणींना तसाच द्यायची, पैसे न घेता. १८७५ मध्ये घरच्यांनी तो बाटल्यांत भरून विकायला काढला. पुढे बाटलीवर आणि जाहिरातींवर लिडियाबाईंचा चेहरा छापला जाऊ लागला. शांत, वयस्क, एखाद्या मायाळू मावशीसारखा चेहरा. जाहिरात सांगायची की पिंकहॅमबाईंना पत्र लिहा, मनातलं दुखणं कळवा, तुमचं पत्र फक्त बायकाच उघडतील.

त्या काळी पुरुष डॉक्टरसमोर अंगावरून जाण्याबद्दल बोलणं किती अवघड असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पत्रांचा ओघ सुरू झाला. गुण आला म्हणणाऱ्या बायकांची पत्रं पुन्हा जाहिरातीत छापली जात. ती वाचून आणखी बायका बाटली घेत. त्या काढ्यात शेकडा अठराच्या आसपास मद्यार्क होता. दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतलेल्या बायकाही तो औषध म्हणून निर्धास्तपणे घेत.

लिडियाबाई १८८३ साली वारल्या. जाहिराती मात्र थांबल्या नाहीत. "पिंकहॅमबाईंना लिहा" हे आवाहन त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ छापलं जात राहिलं, शेजारी तोच मायाळू चेहरा.

हे उघड केलं ते बायकांच्याच एका मासिकाने. 'लेडीज होम जर्नल' तेव्हा अमेरिकेतल्या घराघरांत जात होतं. एडवर्ड बोक १८८९ मध्ये त्याचे संपादक झाले. १८९२ मध्ये मासिकाने जाहीर केलं की यापुढे बाजारू औषधांच्या जाहिराती घेणार नाही. त्या जाहिरातींतून भरपूर पैसा मिळत होता, तो सोडला. मग १९०५ मध्ये त्यांनी दोन गोष्टी शेजारी शेजारी छापल्या: पिंकहॅमबाईंना पत्र लिहा म्हणणारी जाहिरात, आणि लिनच्या स्मशानातल्या लिडियाबाईंच्या थडग्याचा फोटो, त्यावर मृत्यूची तारीख. फारसं काही लिहायची गरजच उरली नाही. कंपनीचं म्हणणं असं की पिंकहॅमबाई म्हणजे लिडियाबाईंची सून, तीही पिंकहॅमच. शब्दाला शब्द धरला तर ते खोटं नव्हतं. पण पत्र लिहिणारी बाई तो चेहरा बघून लिहीत होती. खरे शब्द वापरूनही फसवता येतं, याचं इतकं सोपं उदाहरण दुसरं क्वचितच सापडेल.

याच बोक यांची दुसरी हकीकतही ऐकण्यासारखी आहे. १९०४ मध्ये त्यांनी दुसऱ्या एका प्रसिद्ध औषधात काय काय घातक द्रव्यं आहेत याची यादी छापली. आधार होता एका जुन्या जर्मन तपासणीचा. औषधवाल्याने दावा ठोकला. मग मासिकाने बाजारातून बाटल्या आणून तपासून घेतल्या, तर ती द्रव्यं त्यांत निघाली नाहीत. बोक यांना मासिकातच चूक दुरुस्त करावी लागली आणि खटल्यात नुकसानभरपाईही द्यावी लागली. हेतू चांगला होता. पण बाटली आधी तपासायची आणि मग लिहायचं, हा क्रम उलटा झाला. वाईट म्हणतानाही पुरावा हातात लागतो. स्तुती तपासून करायची आणि निंदा मात्र ऐकीव चालवून घ्यायची, असं करता येत नाही.

आता प्रश्न असा, की इतकी वर्षं बाकीची वर्तमानपत्रं गप्प का होती? त्याचं उत्तरही १९०५ मध्येच 'कॉलियर्स' या साप्ताहिकात छापून आलं. औषध कंपन्या वर्तमानपत्रांशी जाहिरातीचा जो करार करत, त्यात एक कलम घातलेलं असे. औषधांविरुद्ध कायदा झाला, किंवा त्यांना बाधेल असा मजकूर पेपरात आला, तर करार रद्द. गप्प बसा असं कुणी तोंडाने सांगत नव्हतं. ज्याच्या पैशावर छापखाना चालतो त्याच्याविरुद्ध लिहायचं नाही, हे समजून घ्यायला तेवढं कलम पुरेसं होतं. या सगळ्या लेखांनी लोकमत तापलं आणि जून १९०६ मध्ये अमेरिकेत अन्न आणि औषधांच्या शुद्धतेचा कायदा झाला. त्यानंतर औषधाच्या बाटलीवर मद्यार्क आणि अफूसारख्या द्रव्यांचं प्रमाण लिहिणं बंधनकारक झालं.

यापुढचं पाऊल दुसऱ्या एका मासिकाने टाकलं. त्याचं नाव 'गुड हाउसकीपिंग'. १८८५ मध्ये सुरू झालेल्या या मासिकाने १९०० मध्ये स्वतःचं प्रयोगघर काढलं. घरातल्या वस्तू तिथे प्रत्यक्ष वापरून पाहायच्या आणि वाचकांना सांगायचं. १९०९ मध्ये त्यांनी शिक्का सुरू केला: ही वस्तू आम्ही तपासली आहे, पसंत केली आहे. १९१२ मध्ये हार्वी वायली या मासिकात आले. हे सरकारचे मुख्य रसायनतज्ज्ञ राहिलेले, १९०६ च्या कायद्यासाठी झगडलेले गृहस्थ. बाईने दुकानात जावं, शिक्का बघावा आणि निश्चिंत मनाने वस्तू पिशवीत टाकावी, असा तो शिक्का झाला.

काम खरं होतं, तपासणीही खरी होती. पण आपल्याकडे जाहिरात देणाऱ्या मालाची हमीही हेच मासिक देत होतं. परीक्षक आणि जाहिरातीचे पैसे घेणारा एकाच घरात राहू लागले. १९३९ मध्ये व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने मासिकावर तक्रार दाखल केली, की हे शिक्के आणि या हमी वाचकांची दिशाभूल करतात. १९४१ मध्ये आयोगाने हुकूम देऊन ते थांबवायला लावलं. मासिकाने शिक्क्याचे शब्द बदलले. वस्तू सदोष निघाली तर बदलून देऊ किंवा पैसे परत करू, एवढंच मग त्यात उरलं. ज्या प्रकारच्या मासिकाने औषधवाल्यांचं बिंग फोडलं होतं, तशाच एका मासिकावर ही वेळ आली. चांगल्या माणसांच्या हातूनही विश्वास कसा निसटतो, ते इथे दिसतं. कुणी खोटं बोलायला बसलेलं नसतं. फक्त पैसे देणाऱ्याचे दोष हळूहळू डोळ्यांआड होत जातात.

मग यावर उपाय काय? तो काहींनी तोपर्यंत शोधलाही होता. १९२७ मध्ये स्टुअर्ट चेस आणि एफ. जे. श्लिंक या दोघांनी एक पुस्तक लिहिलं. त्यांचा प्रश्न साधा होता. मोठ्या संस्था खरेदीआधी माल तपासून घेतात, मग घरच्या बाईने जाहिरातीवर भिस्त का ठेवावी? त्यातून माल तपासणारी एक संस्था उभी राहिली. १९३५ मध्ये तिथल्या कामगारांनी संघटना केली, काहींना काढून टाकलं, संप झाला, आणि बाहेर पडलेल्यांनी १९३६ मध्ये नवी संस्था काढली: 'कन्झ्युमर्स युनियन'. मे १९३६ च्या त्यांच्या पहिल्या अंकात दूध, साबण, न्याहारीची तयार धान्यं, बायकांचे पायमोजे अशा रोजच्या वस्तूंची परीक्षा होती.

त्यांचे नियम तीन. वस्तू साध्या दुकानातून, साध्या गिऱ्हाइकासारखी, स्वतःच्या पैशाने विकत आणायची. कंपनीने पाठवलेला नमुना चालणार नाही, कारण तो निवडून पाठवलेला असू शकतो. अंकात कुणाचीही जाहिरात घ्यायची नाही, खर्च वर्गणीतून भागवायचा. आणि जी वस्तू वाईट निघेल तिचंही नाव छापायचं. शिवाय माल करणाऱ्या कामगारांना कसं वागवलं जातं, हेही ते सुरुवातीच्या काळात सांगत. अनेक वर्तमानपत्रांनी त्यांची स्वतःची जाहिरात छापायलाही नकार दिला. संस्था तरीही टिकली आणि आजही वस्तू विकत घेऊनच तपासते.

आपल्याकडे हा विचार रुजवण्यात बायकांचा वाटा मोठा आहे. १९६५-६६ ची वर्षं आठवा, किंवा आई-आजीने सांगितलेली आठवा. धान्याची टंचाई, रेशनच्या रांगा, वजनात मारलेला हात, तेलातुपात भेसळ. अशा वेळी १९६६ मध्ये मुंबईत नऊ बायका एकत्र आल्या आणि त्यांनी 'कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था काढली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या ग्राहकसंस्थांपैकी ही एक. ग्राहकांच्या तक्रारी धसास लावणं, भेसळ कशी ओळखायची ते शिकवणं, वस्तूंची तपासणी करून घेणं आणि 'कीमत' नावाच्या नियतकालिकातून ते लोकांना सांगणं, असं तिचं काम वाढत गेलं. १९७५ मध्ये बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. महिन्याचं सामान एकत्र, घाऊक घ्यायचं आणि सभासदांनी आपसात वाटून घ्यायचं, ही तिची पद्धत. पुढे १९८६ मध्ये देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला, तोवर वीस वर्षं या संस्थांनी लोकांना प्रश्न विचारायला शिकवलं होतं.

आता हा कायदा २०१९ चा नवा आहे. त्याखाली जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींबद्दल नियम आले. वस्तूची शिफारस करणाऱ्याचे कंपनीशी पैशाचे किंवा इतर काही संबंध असतील, तर ते लोकांना सांगितले पाहिजेत. फसव्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत, आणि शिफारस करणाऱ्यावर काही काळ बंदीही येऊ शकते. त्याच वर्षी भारतीय मानक ब्युरोने वस्तूंबद्दलच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठीही मानक ठरवून दिलं. पैसे देऊन लिहवून घेतलेले अभिप्राय त्यात बसत नाहीत.

पण कायदा फार पुढे, शहरात कुठेतरी. आपल्या दारात काय? आज बचत गटातल्या बायकांनाही विचारलं जातं, "ताई, ही पावडर फुकट घ्या, फक्त चार चांगले शब्द बोला, आम्ही व्हिडिओ काढतो." फुकटची वस्तू कुणाला नको असते? आणि त्यात लाजण्यासारखंही काही नाही. पण त्या चार शब्दांवर भरवसा ठेवून वाडीतली दुसरी एखादी आपल्या मजुरीचे दोनशे रुपये काढणार असते. पावडरने तिच्या लेकीच्या अंगावर पुरळ उठलं तर ती कंपनीकडे जाणार नाही, आपल्या दारात येईल. आणि पुढच्या वेळी आपण खरं सांगितलं तरी ती ऐकणार नाही.

म्हणून बोलायच्या आधी चार प्रश्न स्वतःला विचारा. ही वस्तू मी विकत घेतली की फुकट मिळाली? फुकट मिळाली असेल, तर ते मी पहिल्याच वाक्यात सांगितलं का? पुरेसे दिवस वापरली का? तेल आठवडाभर, क्रीम महिनाभर, कुकर तर चार महिने तरी. आणि वस्तू वाईट निघाली असती, तर तेही मी असंच कॅमेऱ्यासमोर सांगितलं असतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आलं, तर ती शिफारस नव्हे, जाहिरात आहे. जाहिरात करायला हरकत नाही. तिला जाहिरात म्हणावं आणि पैसे रोख घ्यावेत.

ऐकणारीनेही एवढं करावं. कुणी एखाद्या वस्तूचं फार कौतुक करू लागली, की हसत हसत विचारावं, "बाई, कितीला घेतलीस?" उत्तर चटकन आलं तर पुढचं ऐकावं. लिनच्या त्या मायाळू चेहऱ्याला एवढा एक प्रश्न वेळेवर कुणी विचारता आला असता, तर किती बाटल्या दुकानातच राहिल्या असत्या!

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.