दारे धरणाऱ्याचा दिवा

दिवाळीच्या अंकात दिव्यांविषयी लिहायचे म्हणजे पणती, निरांजन, आकाशकंदील यांच्याविषयी लिहायचे, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी मात्र आज अशा एका दिव्याची हकीकत सांगणार आहे, की ज्याला कोणी हळदकुंकू वाहत नाही. आमच्या बारामती-इंदापूरकडे त्याला नुसते ‘बॅटरी’ म्हणतात. पुस्तकात त्याचे नाव ‘विजेरी’ असे आहे. पण “जरा विजेरी आणा हो,” असे म्हणणारा माणूस मला तरी आमच्या गावात भेटलेला नाही. गंमत अशी, की आत जे घालायचे ते ‘सेल’ आणि सबंध दिवा मात्र ‘बॅटरी’! आणि हल्ली जी भिंतीवरच्या बोर्डाला लावून भरून घेतात, ती ‘चार्जिंगची बॅटरी’.

शहरातल्या वाचकांना प्रश्न पडेल, की शेतकऱ्याने रात्री रानात जायचे कारणच काय? कारण एकच, पाणी. आमचा मुलूख मूळचा अवर्षणाचा. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात तो होरपळून निघाला. त्यानंतर सरकारने भाटघरला धरण बांधले, वीर येथे नीरेवर बंधारा घातला आणि डावा कालवा काढला. १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी आमच्या बाजूस वाहू लागले. पुढे १९२० नंतरच्या दशकात भाटघरचे धरण पहिल्याहून मोठे असे नव्याने उभे राहिले. ऊस वाढला. वालचंदनगरचा कारखाना निघाला, आणि स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने झाले. पण कालवा काही रात्री झोपत नाही. पाण्याच्या पाळ्या लागतात, आणि कोणाच्या तरी वाट्याला रात्रीची पाळी येतेच. मग खांद्यावर खोरे टाकून निघायचे, एका सरीचे तोंड मातीने बुजवायचे, दुसरीचे फोडायचे. याला आम्ही ‘दारे धरणे’ म्हणतो. एका हातात खोरे असते. दुसऱ्या हातात दिवा हवाच.

माझ्या लहानपणी हा दिवा म्हणजे कंदील. आमच्याकडे ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ होता. कऱ्हाडजवळचा ओगल्यांचा काचकारखाना १९१६ साली निघाला, आणि त्यांचा कंदील महाराष्ट्रात घरोघरी गेला. दिवेलागणीच्या आधी आजी ओसरीवर बसून काच राखेने पुशी, वात कातरीने सरळ कापी, टाकीत रॉकेल किती आहे ते हलवून पाही. यात तिचा एक दिवसही खाडा झालेला मला आठवत नाही. “दिवा माणसाला सांभाळतो, पण आधी माणसानं दिव्याला सांभाळायचं,” असे ती म्हणे. ते बोल मला तेव्हा उगीचच वाटत.

घरात पहिली बॅटरी आली ती १९६२ साली. पत्र्याची, चकचकीत, दोन सेलांची. तिचे बूड फिरवून उघडले, की झाकणाच्या आत एक जास्तीचा बल्ब जपून ठेवलेला असे. तो पाहण्यासाठी आम्ही मुलांनी ते बूड इतक्या वेळा उघडले, की शेवटी दादांनी बॅटरी खुंटीवरून काढून फळीवर ठेवली. दादा मोठे काटकसरीचे. काम नसले, की आतला एक सेल उलटा करून ठेवीत, म्हणजे खटका चुकून दाबला गेला तरी सेल जळायचा नाही. सेल मंद झाले, की ते उन्हात ठेवीत. उन्हाने सेल पुन्हा भरत नाही. ऊब मिळाल्याने त्यातली उरलीसुरली शक्ती घटकाभर मोकळी होते, इतकेच. पण दादांचा त्यावर ठाम विश्वास होता. सेल विसरून तसेच राहिले, की त्यांचे जस्ताचे अंग खाल्ले जाई, आतला रस पाझरे, आणि पत्र्याची नळी हिरवीपांढरी होऊन वाया जाई.

या वस्तूचा जन्म पाहू गेले तर तोही मौजेचा आहे. डेव्हिड मिसेल नावाच्या इंग्रज कारागिराला हातात धरायच्या नळीच्या दिव्याचे अमेरिकन पेटंट मिळाले ते १८९९ साली. त्या वेळचे सेल इतके दुबळे, की दिवा क्षणभर लखलखे आणि त्याला पुन्हा विसावा द्यावा लागे. इंग्रजीतले ‘फ्लॅशलाइट’ हे नाव त्यावरूनच पडले. पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी तर फ्रान्समध्ये प्लांते याने १८५९ सालीच केली होती, आणि निकेल-कॅडमियमची बॅटरी स्वीडनच्या युंगनरने त्याच १८९९ साली केली. म्हणजे दिवाही होता आणि भरायची बॅटरीही होती. पण दोघांची गाठ पडून ती शेतकऱ्याच्या खुंटीपर्यंत यायला शंभर वर्षे लागावीत, हा एक योगच म्हणायचा.

आमच्या घरी चार्जिंगची बॅटरी आली ती १९९५ च्या आसपास. आत शिशाची बंद पेटी, हाताला जड, आणि प्रकाश असा की उसाच्या शेंड्यापर्यंत जावा. तोवर विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या होत्या, आणि विजेच्या टंचाईमुळे शेतीची थ्री-फेज वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्रीच मिळू लागली होती. म्हणजे कालव्याच्या पाळीला विजेची पाळी येऊन मिळाली. सेल विकत घ्यायची कटकट गेली म्हणून आम्ही खूष होतो. सांभाळण्याची कटकट गेली नव्हती, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही.

२००८ सालची गोष्ट. दिवाळी आठवड्यावर आली होती. पावसाळाभर बॅटरी लागली नव्हती. जूनमध्ये मीच ती शेवटची वापरली, पार उतरलेली तशीच खुंटीला अडकवली आणि विसरलो. त्या दिवशी संध्याकाळी ती बोर्डाला लावली. तासाभरात भरल्याचा हिरवा दिवा लागला. माझा धाकटा भाऊ रात्री एक वाजता मोटार चालू करायला निघाला, तेव्हा तिचा झोत अंगणाच्या पार पडत होता. “झकास आहे,” असे मीच त्याला म्हणालो. निम्म्या वाटेवर, बांधाच्या वळणाला, ती एकाएकी पिवळी पडली आणि विझली. तो अंधारात चार पावले गेला असेल नसेल, तोच घोटयाच्या वर त्याला घोणस डसली.

पुढचे सारे आठवणे मला आजही जड जाते. शेजाऱ्याने शहाणपण केले. बांधाबांध नाही, कापाकाप नाही, पाय हलू न देता सरळ जीपमध्ये घालून बारामतीला नेले. सर्पविषावरची इंजेक्शने वेळेवर मिळाली. त्या वर्षीची आमची दिवाळी इस्पितळाच्या व्हरांड्यात झाली. भाऊ वाचला. त्याच्या पायाची जखम भरायला मात्र संक्रांत उजाडली.

झाले काय होते, ते मला नंतर एका बॅटरी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने समजावले. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली, की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात. मग तिच्यात मावतेच थोडे. थोडे मावते म्हणून ती लवकर भरते, आणि हिरवा दिवा लवकर लागतो. “लवकर भरली म्हणजे चांगली असं नव्हे, काका,” तो म्हणाला, “ती मेली असंच समजा.” मला आजीची कातरी आठवली. तिने वात रोज पाहिली होती. मी चार महिने पाहिले नव्हते.

आता काळ बदलला. निळा प्रकाश देणारा एलईडी जपानी शास्त्रज्ञांनी साध्य केला, त्यावरून पांढरा प्रकाश मिळाला, आणि त्याबद्दल २०१४ साली त्यांना नोबेल मिळाले. १९९१ पासून बाजारात आलेल्या लिथियमच्या बॅटरीच्या जनकांना ते २०१९ साली मिळाले. या दोन्ही गोष्टी आज आमच्या भावाच्या कपाळावरच्या पट्ट्यात बसतात. खोरे धरायला त्याचे दोन्ही हात मोकळे! इंदापूरकडे माझे मामेभाऊ उजनीच्या फुगवट्यावरून पाणी उचलतात. उन्हाळ्यात धरणाचे पाणी मागे हटले, की त्याच्यामागोमाग मोटार आणि पाइप गाळातून खाली न्यावे लागतात. तेही तसलाच पट्टा बांधून रात्री-अपरात्री जातात. दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारने २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आणली आहे. ती बांधोबांधी पोचेल तेव्हा पोचेल. तोवर पट्ट्याची गरज आहेच.

लिथियमचेही लाड आहेत. तिला पार रिकामी ठेवू नये, पडून राहायची असेल तर निम्मी भरून सावलीत ठेवावी, पत्र्याच्या खोपटात उन्हाने तापू देऊ नये, आणि फुगली तर तिचा मोह सोडून जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्याकडे द्यावी. उकिरड्यावर टाकू नये. आमच्या घरी दर महिन्याच्या एक तारखेला बॅटरी भरतात, आणि मग ती अंगणात घड्याळ लावून अर्धा तास जळत ठेवतात. हिरव्या दिव्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

यंदा लक्ष्मीपूजनाला भावजयीने पाटावर कोयता, खोरे, वह्या मांडल्या. तिच्या लेकाने तो कपाळाचा पट्टाही आणून शेजारी ठेवला. हळदकुंकवाचे बोट त्याला लावायचे की नाही, यावर थोडी चर्चा झाली. काचेला डाग पडेल म्हणून शेवटी पट्ट्याला लावले. त्या रात्री वीज बाराला येणार होती. भावाने फराळ केला, पायात गमबूट चढवले, पट्टा बांधला आणि तो निघाला. मी अंगणात उभा राहून तो उजेड वळणापलीकडे जाईपर्यंत पाहत होतो. तो विझला नाही.