बुरसटलेल्या चाऱ्यातून निघालेली गोळी

फेब्रुवारी १९३३. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी हिमवादळातून सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनच्या विद्यापीठात पोचला. गाडीत मेलेली कालवड होती, कॅनभर न गोठलेले रक्त होते आणि स्वीट क्लोव्हरचा बुरसटलेला चारा होता. हे सारे त्याने रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आणून ठेवले.

स्वीट क्लोव्हर म्हणजे आपल्या लसूणघासाचा भाऊबंद. ओला रचून ठेवला की त्याला बुरशी लागे आणि तो खाणारी गुरे साध्या जखमेनेही रक्त वाहून मरत. कॅनडातले पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी हा संबंध १९२०च्या दशकातच दाखवला होता. पण चाऱ्यातले नेमके द्रव्य हाती लागायला १९३९ उजाडले. ताज्या चाऱ्याला गोड वास देणाऱ्या क्युमेरिनपासूनच ते तयार होत होते. त्याचे नाव डायक्युमेरॉल.

लिंक यांनी त्याची अनेक भावंडे घडवली. त्यांतले एक १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आले. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिन अ‍ॅलम्नाय रिसर्च फाउंडेशनची आद्याक्षरे घेऊन त्याला क्युमेरिनचे शेपूट जोडले आणि ‘वॉरफरिन’ हे नाव झाले. १९५१ मध्ये हे विष पोटात गेलेला एक अमेरिकी सैनिक के जीवनसत्त्वामुळे वाचला. विषाला उतारा आहे, हे कळले आणि १९५४ पासून ते माणसांचे औषध झाले.

१९६० मध्ये शल्यविशारद अल्बर्ट स्टार आणि अभियंता लोवेल एडवर्ड्स यांची कृत्रिम झडप माणसाच्या हृदयात बसली. अशा परक्या झडपेवर रक्ताची गुठळी धरते. त्यात एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि तिथे रक्त साचते. तिथली गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात. तो टाळायला वॉरफरिन किंवा त्याचीच बहीण असिनोक्युमेरॉल द्यावी लागते.

वॉरफरिनसारखी वारंवार रक्ततपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्या, पण यांत्रिक कृत्रिम झडपेपाशी त्या कमी पडल्या. डॅबिगॅट्रानच्या चाचणीत गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही. २०१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अपिक्साबानची चाचणीही २०२२ मध्ये थांबवावी लागली.

म्हणून यांत्रिक झडप असलेल्यांची राखण आजही ही जुनी गोळीच करते. मात्रा कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. तेव्हा रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणाऱ्या आयएनआर तपासणीची तारीख चुकवू नका. पालेभाजीत उताऱ्याचे तेच के जीवनसत्त्व असते; ती सोडू नका, पण रोजचे प्रमाण सारखे ठेवा. दुखण्यावरची साधी गोळीही डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि ही गोळी मनाने कधीच बंद करू नका.