सेकंड हँड याट घेताना काय तपासायचं? चकाकी सोडा, ही ७ ठिकाणं बघा

घोडपदेवहून रे रोडचा रेल्वे पूल ओलांडला की दारुखाना येतो. जुनी जहाजं तोडायची जागा म्हणून तो ओळखला जातो. लोखंडी जहाज कितीही म्हातारं झालं तरी शेवटी त्याचा पत्रा किलोवर विकला जातो. याट सहसा फायबरग्लासची असते आणि फायबरग्लासला भंगारात कोणी विचारत नाही. उलट ती तोडून हलवायला आपल्याच खिशातून पैसे जातात. म्हणजे चुकीची याट घेतली तर अख्खी रक्कम बुडू शकते.

हे मला माहीत नव्हतं तेव्हा आम्ही तिघे मित्र पैसे एकत्र करून ३० फुटी जुनी शिडाची याट घ्यायला निघालो होतो. मालक ९ लाख सांगत होता. फोटो एकदम चकाचक. जुना फोन घेताना मी बॅटरी हेल्थ बघतो, आयएमईआय तपासतो. बोटीत नेमकं काय बघायचं ते मात्र शिकावं लागलं. तेच इथे क्रमाने देतोय.

वय बघू नका, निगा बघा

'सुहेली' ही ३२ फुटी सागवानी याट १९६० च्या दशकात आपल्या मुंबईतच बांधली गेली. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून एकटे, कुठेही न थांबता, ३१२ दिवसांत जगप्रदक्षिणा करून आले. असं करणारे ते पहिलेच. वेळोवेळी दुरुस्ती होत गेली म्हणून पन्नाशी उलटल्यावरही ही बोट समुद्रात होती.

गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली नौदलाची 'म्हादेई' २००९ मध्ये दाखल झाली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये जगप्रदक्षिणा केली. एवढं अंतर कापूनही ती पुढे वापरात राहिली. उलट पाच वर्षं जागेवर उभी राहिलेली 'कमी वापरलेली' याट आतून सडलेली असू शकते.

१. हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं अंग

बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय निर्णय घेऊ नका. आपल्याकडे पावसाळ्याआधी बऱ्याच याट वर काढतात, तो काळ बघायला सोयीचा. फायबरग्लासमध्ये वर्षानुवर्षं पाणी झिरपलं की पृष्ठभागाखाली फोड येतात. याला ऑस्मोसिस म्हणतात. फोड फोडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर शंका पक्की. पण फोड फोडायचं काम सर्व्हेअरचं, आपलं नाही. चार-दोन फोडांनी बोट बुडत नाही. सगळं अंग फोडांनी भरलं असेल तर थर काढणं, महिनोन्महिने वाळवणं आणि परत लेप देणं, असं मोठं काम निघतं.

२. डेक

डेक बहुतेक वेळा सँडविचसारखा असतो. वर-खाली फायबरग्लास, मध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड. बोल्टच्या भोकांतून पाणी आत गेलं की मधलं लाकूड कुजतं, वरून काहीच दिसत नाही. एक नाणं घ्या आणि इंचाइंचावर वाजवत जा. चांगल्या जागी 'टक टक' असा कोरडा आवाज येतो, कुजलेल्या जागी 'भद भद'. आवाज फोनवर रेकॉर्ड करा, घरी ऐकताना फरक आणखी कळतो. चालताना पायाखाली डेक दबत असेल तर वाजवायचीही गरज नाही.

३. कील आणि सुकाणू

कील म्हणजे तळाला बसवलेलं जड वजन, बोट कलंडू नये म्हणून. अनेक याटवर ते बोल्टनी जोडलेलं असतं. सांध्यावर भेग किंवा गंजाचे ओघळ दिसले तर तिथेच थांबा. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. त्यामुळे उथळ जागी नांगरलेली बोट ओहोटीला तळावर टेकते. ही बोट अशी टेकत होती का, ते विचाराच. सुकाणू हाताने हलवून बघा, खडखड नको.

४. डोलकाठी, तारा आणि शिडं

डोलकाठी स्टीलच्या तारांनी ताणून उभी असते. एक तार तुटली तर डोलकाठी आडवी होऊ शकते. या तारा साधारण १० ते १५ वर्षांत बदलतात, आपल्या खाऱ्या दमट हवेत त्याआधीही. मालकाला शेवटच्या बदलाचं बिल मागा. बिल नाही म्हणजे बदल झालेला नाही, असंच धरा. तार जिथे फिटिंगमध्ये शिरते तिथे मॅक्रो मोडमध्ये फोटो काढा. तुटलेला बारीक धागा किंवा केसाएवढी भेग डोळ्याला दिसत नाही, झूम केल्यावर दिसते. शिडाच्या शिवणीवर नख ओढा. दोरा तुटला तर उन्हाने शीड संपवलंय.

५. इंजिन

पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनला हात लावणं. गरम लागलं तर मालकाने आधीच चालू करून ठेवलंय, म्हणजे थंड इंजिन सुरू व्हायला कटकट करतं का ते तुम्हाला कळणारच नाही. मग धूर बघा:

- काळा: इंजिनवर जास्त लोड, हवा कमी किंवा इंधन जास्त
- निळा: ऑइल जळतंय
- पांढरा, न थांबणारा: न जळलेलं डिझेल किंवा आत पाणी

ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. एक्झॉस्टमधून थंड करणारं पाणी बाहेर पडलं पाहिजे. जागेवर चालवून भागत नाही, लोडवर समुद्रात अर्धा तास तरी चालवा.

६. वायरिंग आणि स्क्रीन

जाहिरातीत 'जीपीएस चार्टप्लॉटरसहित' लिहिलेलं असतं. १५ वर्षं जुन्या स्क्रीनला नकाशांचे अपडेट मिळत नसतील तर तिची किंमत शून्य धरा. खरी किंमत मागच्या वायरिंगची. पॅनल उघडायला सांगा. हिरवट काळी पडलेली टोकं आणि टेप गुंडाळलेले जोड दिसले तर सगळं वायरिंग नव्याने करायचा खर्च धरा.

७. कागद

नोंदणी, आधीच्या विक्रीची कागदपत्रं, कर्ज बाकी नसल्याचा पुरावा आणि परदेशातून आली असेल तर कस्टम ड्युटी भरल्याची पावती मागा. बोटीलाही आयएमईआयसारखा नंबर असतो. त्याला हल आयडेंटिफिकेशन नंबर म्हणतात. मागच्या बाजूला उजवीकडे तो कोरलेला असतो. शेवटचे दोन आकडे सहसा मॉडेलचं वर्ष सांगतात. तो कागदांशी जुळवा.

मग किंमत कशी ठरवायची?

स्वतंत्र सर्व्हेअर तुम्ही नेमा, मालकाने सुचवलेला नको. त्याच्या यादीवरून दुरुस्तीचा खर्च काढा आणि हे सोपं गणित करा:

*मागितलेली किंमत + दुरुस्ती = खरी किंमत*

आमच्या बोटीच्या तारा जुन्या, डेकचा पुढचा भाग कुजलेला, शिडं संपलेली. दुरुस्ती साधारण ६ लाखांवर गेली. म्हणजे ९ ची बोट १५ ला पडत होती, आणि तशीच नीट ठेवलेली बोट १३ ला उपलब्ध होती. स्वस्त वाटणारी बोटच महाग निघाली.

शिवाय दरवर्षीचा खर्च वेगळा. बोटीच्या किमतीच्या साधारण १० टक्के, असा याटवाल्यांचा ठोकताळा आहे. पण जुनी बोट अर्ध्या किमतीत मिळाली म्हणून तार किंवा रंग अर्ध्या किमतीत मिळत नाही. त्यामुळे हे टक्के तशाच नव्या बोटीच्या किमतीवर धरा.

आम्ही ती घेतली नाही. सर्व्हेचे पैसे तिघांत वाटून गेले तेव्हा एक मित्र वैतागला होता. त्या पैशांमुळे आमचे ९ लाख वाचले, हे गणित त्याला तिथेच मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दाखवलं. तुम्हीही टोकन देण्याआधी हेच करा: आधी सर्व्हे, मग समुद्रात चाचणी आणि पैसे सगळ्यात शेवटी.