तीन मिनिटांतली तीस वर्षं

माझे वडील पिंजारी होते. गाद्या, उश्या, रजया भरून द्यायचे. थंडीच्या तोंडावर आमच्या दारात कापसाचे ढीग पडायचे आणि दिवसभर पिंजणाची तार वाजत राहायची. वडिलांना गाण्यातलं काही कळत नव्हतं. पण तारेचा आवाज जड आला की ते हात थांबवायचे आणि म्हणायचे, "कापूस अजून दमट आहे. उन्हात टाका." कापसाला हात लावायची त्यांना गरज पडत नसे.

वर्षातून एकदा ते आम्हाला मिरजेला न्यायचे, ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या उरुसाला. दर्ग्यात रात्रभर गाणं चालायचं आणि मी वडिलांच्या मांडीवर झोपून जायचो. सकाळी निघताना ते दर्ग्याच्या आवारातल्या एका कबरीपाशी थांबून फातिहा पढत. मी एकदा विचारलं, "ये कौन थे, अब्बा?" ते म्हणाले, "गानेवाले थे, बेटा. दूर से आये, इधरच के हो गये."

ती कबर खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची. कलावंत वाढतो म्हणजे त्याचं नेमकं काय होतं, या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला दर वेळी त्यांच्यापाशीच जावं लागतं.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ सालचा, कैराना गावचा. हे गाव आज उत्तर प्रदेशातल्या शामली जिल्ह्यात आहे. घराण्यात गायक होते, सारंगिये होते. या गावाच्या नावावरूनच पुढे 'किराना घराणं' हा शब्द रूढ झाला. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायला आले. तिथे सरदार माने यांच्या घरच्या ताराबाईंशी त्यांचं मन जुळलं. दोघांनी बडोदं सोडलं, मुंबई गाठली आणि नंतर मिरजेत संसार मांडला. मिरजेत सतार आणि तंबोरा घडवणाऱ्यांची परंपरा आधीपासूनच होती. खाँसाहेबांना स्वतःला वाद्यं दुरुस्त करण्याचा नाद होता. त्यांना हे गाव मानवलं नसतं तरच नवल.

१९०५ साली त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. एका मुद्रिकेत गाणं मावायचं जेमतेम तीन मिनिटांचं. पंधराएक वर्षांपूर्वी जुन्या तबकड्या जमवणाऱ्या एका मित्राच्या घरी मी त्या ऐकल्या. घाई आहे, जोर आहे, तानांमागून ताना सुटतात. तयार गवई आपली तयारी दाखवतो आहे, हे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळत होतं. मित्रानं मग दुसरी तबकडी लावली. ती १९३४-३५च्या सुमारास ओडियन कंपनीनं काढलेली, झिंझोटीतली ठुमरी. वेळ तेवढीच, तीन मिनिटं. पण या माणसाला कसलीच घाई नव्हती. एकेक सूर असा लावला होता की जणू सगळी रात्र पुढे पडली आहे. "दोन्ही एकच का?" मी विचारलं. मित्र नुसता हसला.

यातला काही भाग यंत्राचा आहे, हे मान्य करायला हवं. १९०५ साली कर्ण्यात तोंड घालून मोठ्यानं गावं लागे. मायक्रोफोनवरचं ध्वनिमुद्रण १९२५च्या सुमारास सुरू झालं आणि हळू लावलेला सूरही तबकडीवर उतरू लागला. पण मायक्रोफोन सगळ्यांनाच मिळाला होता. नुसत्या यंत्रानं कुणाचं गाणं बदलत नाही. मधल्या तीस वर्षांत या माणसानं काय केलं, ते पाहायला हवं.

पहिलं म्हणजे त्यांनी आपला सूर तपासायला दिला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स हे दोघं तेव्हा बावीस श्रुतींचा शोध घेत होते. देवलांचं पुस्तक १९१० साली आलं, क्लेमंट्स यांचं १९१३ साली. या मोजमापासाठी खाँसाहेब त्यांच्यापुढे गायले. खानदानी उस्तादांनी विद्या झाकून ठेवायची, असा तो काळ. त्या काळात एक उस्ताद आपला गळा मापाच्या काट्यापुढे धरतो, ही साधी गोष्ट नव्हती. श्रुतींचा तो वाद तज्ज्ञांमध्ये आजही मिटलेला नाही. पण आपण लावतो तो सूर नेमका कुठे लागतो, हा प्रश्न पडण्यातच एका गवयाची वाढ होती.

दुसरं, १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. शिष्य तिथे राहून शिकत. खाँसाहेबांनी त्यांना घराणं आणि जात विचारली नाही. ज्याला दुसऱ्याला शिकवायचं असतं, त्याला आपलंच येणं उलगडून पाहावं लागतं.

तिसरं, ते दक्षिणेत गेले आणि श्रोता होऊन बसले. म्हैसूर दरबारात त्यांचं जाणं-येणं होतं. कर्नाटक संगीतात सरगमला जे मानाचं पान आहे, ते त्यांनी पाहिलं आणि आपल्या ख्यालात सरगम आणली. त्यागराजांची खरहरप्रिया रागातली कृती त्यांनी तबकडीवर गायली. उत्तरेतल्या मुसलमान गवयानं तेलुगू कृती गाणं ही तेव्हा अपूर्वाईची गोष्ट होती. मराठी रंगभूमीवरची पदंही त्यांनी गायली. त्यांचे उच्चार ऐकले की कळतं, ही भाषा त्यांनी मोठेपणी शिकलेली आहे. मला ते उच्चार फार जवळचे वाटतात. आमच्या घरात दख्खनी बोलत. मराठी मला शाळेत भेटली आणि मग माझी झाली. "तुम्ही मुसलमान असून मराठीत कसे लिहिता?" असं मला अजूनही विचारलं जातं. मी मनातल्या मनात ती तबकडी लावतो.

या वाढीची किंमतही पडली. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई बडोदेकर झाली. दोघांनी महाराष्ट्राला किती दिलं, ते मी सांगायला नको. पण बापाच्या पदरात ते घर राहिलं नाही. चूक कुणाची, हे ठरवायला मी बसलेलो नाही. एवढंच वाटतं की झिंझोटीतला तो सूर सुखातून आलेला नाही. दुःख सगळ्यांनाच होतं, पण त्याला सुरात धरायला वीस-पंचवीस वर्षांची मेहनत आधी झालेली असावी लागते.

त्या झिंझोटीच्या तबकडीनं पुढे काय केलं, ते सर्वांना ठाऊक आहे. गदगच्या एका शाळकरी पोरानं ती ऐकली आणि असं गायचं म्हणून लहानपणीच घर सोडलं. पुढे तो खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे कुंदगोळला शिकला. ते पंडित भीमसेन जोशी. तयारीच्या तानांनी टाळ्या मिळाल्या असत्या. पोरगं घराबाहेर पडलं ते त्या संथ सुरानं.

आता थोडं माझं. तिशीत मी आईवर एक कविता लिहिली होती. ती गाजली. कोणत्या ओळीला टाळी पडणार, कुठे बायका पदर डोळ्यांना लावणार, हे मला पाठ झालं होतं. मग तीच कविता मी दहा नावांनी लिहिली. कधी आजीवर, कधी बहिणीवर, कधी विहिरीवर. त्या रात्री मित्राकडून परतताना लक्षात आलं, मी अजून १९०५ सालातच आहे. जमतं तेच पुन्हा पुन्हा दाखवतो आहे.

पुढच्या कविसंमेलनात संयोजक म्हणाले, "ती आईची होऊ द्या." मी नवीच वाचली, वडिलांच्या पिंजणाची. यमक नाही, टाळीची जागा नाही. सभागृह गप्प राहिलं. परतीच्या एसटीत कुणी माझ्याशी बोललं नाही आणि पुढच्या वर्षी बोलावणंही आलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू! पण तारेचा आवाज जड येतो आहे हे एकदा ऐकू आलं की हात थांबवावाच लागतो. कापूस पुन्हा उन्हात टाकावा लागतो. वडिलांना हे रोजच्या कामात कळत होतं, मला कळायला चाळिशी उलटावी लागली.

२७ ऑक्टोबर १९३७. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना खाँसाहेबांना वाटेत अस्वस्थ वाटू लागलं. सिंगपेरुमल कोइल या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घातलं, तंबोरा जुळवला आणि दरबारीच्या सुरांत अल्लाचं नाव घेत डोळे मिटले, असं सांगतात. वय चौसष्ट. कैरान्यात जन्मलेल्या माणसाचा देह तमिळ मुलखातून मिरजेला आणला गेला.

त्या फलाटावर ना दरबार होता, ना टाळ्या. तरी त्यांनी तंबोरा आधी जुळवून घेतला. उरुसाला गेलो की आता मीही त्या कबरीपाशी थांबतो. फातिहा पढून होतो आणि वडिलांच्या सवयीनं थोडा वेळ नुसता कान देऊन उभा राहतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)