बालसाहित्यातील मुलींचे केस

बालसाहित्यातील मुलींचे केस : आपले केस आहेत तसेच चांगले आहेत, असा विश्वास मुलीला यावा म्हणून लिहिलेल्या चित्रपुस्तकांचा वर्ग. तो प्रामुख्याने अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखकांनी घडवला. नताशा टार्पली यांचे ‘आय लव्ह माय हेअर!’ (१९९८), बेल हुक्स यांचे ‘हॅपी टू बी नॅपी’ (१९९९) आणि मॅथ्यू चेरी यांचे ‘हेअर लव्ह’ (२०१९) ही त्यातील ठळक पुस्तके. केसांची स्तुती हे त्यांचे बळ मानले जाते. प्रस्तुत नोंदीचे मत वेगळे आहे : त्यांचे खरे बळ स्तुतीच्या शब्दांत नसून केस सावरणाऱ्या हातांत आहे. टार्पलींच्या पुस्तकात आई लेकीचे केस विंचरते, गुंता सुटताना लेक रडते, आणि या केसांतून काय काय घडते ते आई सांगत जाते. ‘हेअर लव्ह’मध्ये बाप लेकीचे केस सावरायला शिकतो. कुणीतरी वेळ काढून डोक्यावरून मायेचा हात फिरवते, तेव्हा मुलीला आपण हव्याशा आहोत हे पटते. नुसते शब्द कसे उलटतात हे १९९८ साली ब्रुकलिनमध्ये दिसले. कॅरोलिव्हिया हेरन यांचे ‘नॅपी हेअर’ हे अभिमानाचेच पुस्तक एका गोऱ्या शिक्षिकेने वर्गात वाचले; पण शीर्षकातला ‘नॅपी’ (कुरळे, राठ) हा शब्द कृष्णवर्णीयांना पिढ्यान्‌पिढ्या हिणवण्यासाठी वापरलेला, त्यामुळे पालक संतापले आणि शेवटी तिने ती शाळा सोडली.

हे मायेचे दृश्य मराठीत फार जुने आहे. परंपरेनुसार संतकवयित्री जनाबाई मराठवाड्यातील गंगाखेडची आणि नामदेवांच्या घरची दासी. नामदेवांचे जन्मगाव म्हणून हिंगोली तालुक्यातील नरसी मानली जाते. जनाबाईच्या नावावरील एका अभंगात तिच्या केसांना कित्येक दिवस न्हाणे मिळालेले नाही. देव स्वतः पाणी आणतो, तिच्या डोक्यावर घालतो, आपल्या हाताने वेणी घालतो, आणि जनीला आपली माय आल्यासारखे वाटते. दुसऱ्या एका अभंगात ती तुळशीच्या बनात वेणी उकलते आणि तो तिच्या डोईला लोणी चोळतो. जिच्या केसांकडे कुणी पाहिले नसते, अशा शूद्र दासीचे केस इथे विठ्ठलाच्या हातात आहेत. केस सुंदर आहेत की नाहीत, हा प्रश्न अभंगात येतच नाही. म्हणून लहान मुलीसाठी तो अभंग अधिक मोलाचा आहे.

यावर आक्षेप असा की अमेरिकेतील केसांचा प्रश्न गुलामगिरीतून आला, तो मराठवाड्याला लावणे ओढूनताणून होईल. आक्षेपात तथ्य आहे. येथे मुलीला अधिक बोचतो तो रंग आणि त्यामागची जात. केस त्यानंतर येतात. पण दिसण्यावरून मुलीची किंमत ठरवणे येथेही तितकेच पक्के आहे. राज्य मंडळाच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात हुंड्याच्या कारणांमध्ये मुलीची कुरूपता सांगितली होती, आणि २०१७ मध्ये त्यावरून मोठा वाद झाला. पाठ्यपुस्तकच असे सांगत असेल, तर दिसण्याचा विषय क्षुल्लक म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप भक्तीचा : अभंग ईश्वरकृपेचा आहे, त्याला देहाच्या अभिमानाशी जोडू नये. परंतु न्हाणे, लोणी, वेणी हे तपशील जनीच्या अभंगांनीच निवडले आहेत. ते गाळले तर कृपा दिसणार कशात? शिवाय वेणीफणीला फुरसत लागते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतून आई महिनोन्‌महिने दूर असते, आणि मागे राहिलेल्या मुलीचे केस आजीच्या किंवा थोरल्या बहिणीच्या हाती येतात. अशा मुलीला जनीची गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

गोष्ट तयार आहे. उणीव चित्रांची आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते, आणि मराठीत जाणते चित्रकारही आहेत. त्यांनी सावळी, कुरळ्या, न विंचरलेल्या केसांची जनी काढावी, तिचे केस गुळगुळीत करू नयेत, आणि ते पुस्तक नरसी व गंगाखेडच्या जिल्हा परिषद शाळांत सर्वांत आधी पोचवावे.